राज्य करणे म्हणजे निवड करणे
(पिएर मेंदेस-फ्रान्स यांचे साडेसात महिने)

१ नोव्हेंबर १९५४ या दिवशी पाँडेचरी, कारिकल, माहे आणि यानम या चार वसाहतींचा कारभार फ्रान्सने भारताच्या हाती सोपविला. हस्तांतर शांततेने पार पडले. अडीचशे वर्षांहून जुनी सत्ता एका करारावर सह्या करून निघून गेली. नेमक्या त्याच दिवसाच्या पहाटे भूमध्य समुद्रापलीकडे अल्जीरियात ठिकठिकाणी बाँबचे स्फोट झाले, पोलीस ठाण्यांवर आणि लष्करी छावण्यांवर हल्ले झाले, आणि पुढे पावणेआठ वर्षे चाललेल्या एका भीषण युद्धाला तोंड लागले. एकाच दिवशी एका ठिकाणी फ्रान्स शहाणपणाने मागे सरत होता आणि दुसऱ्या ठिकाणी रक्तपाताच्या वाटेवर पाऊल टाकीत होता. या दोन्ही घटना घडल्या तेव्हा पॅरिसमध्ये पंतप्रधान एकच होता. त्याचे नाव पिएर मेंदेस-फ्रान्स. त्याच्या कारकिर्दीची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत.

साडेसात महिन्यांच्या पंतप्रधानावर एक संपूर्ण व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी आधी त्या काळच्या फ्रान्सची राज्यघटना समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, फ्रेंचांनी आपले चौथे प्रजासत्ताक स्थापिले. एका माणसाच्या हाती सत्ता गेली म्हणजे काय होते, हे त्यांनी पेताँच्या राजवटीत नुकतेच भोगले होते. म्हणून सारी सत्ता त्यांनी राष्ट्रीय सभेच्या हाती ठेवली. पण त्या सभेत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळेना. साम्यवादी, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, रॅडिकल, द गॉलचे अनुयायी आणि सनातनी असे अनेक तुकडे. परिणाम असा झाला की १९४७ पासून १९५८ पर्यंतच्या साडेअकरा वर्षांत वीसांहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. पंतप्रधान होऊ इच्छिणाऱ्याने पक्षांच्या दारोदार हिंडावे, कोणाला कोणते खाते द्यायचे याची घासाघीस करावी, आणि अशा रीतीने जमविलेले बिऱ्हाड दोन-चार महिन्यांत मोडावे, हा नित्यक्रम झाला. माणसे मात्र तीच. आजचा अर्थमंत्री उद्या परराष्ट्रमंत्री आणि परवा पंतप्रधान. अशा व्यवस्थेत टिकायचे असेल तर एकच युक्ती होती. कोणताही निर्णय घ्यावयाचा नाही. निर्णय घेतला की कोणी तरी दुखावतो, आणि कोणी दुखावला की मंत्रिमंडळ पडते.

मेंदेस-फ्रान्स यांचे सारे आयुष्य हे या युक्तीविरुद्धचे बंड होते, असे आम्हांला वाटते. त्यांचा जन्म ११ जानेवारी १९०७ रोजी पॅरिसमध्ये, पूर्वी पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या एका ज्यू घराण्यात झाला. ‘फ्रान्स’ हा त्यांच्या आडनावाचाच भाग. तरीही हा माणूस खरा फ्रेंच नव्हे, असे त्यांचे ज्यूद्वेष्टे विरोधक जन्मभर म्हणत राहिले. बुद्धी विलक्षण तल्लख. कोवळ्या वयातच ते वकील झाले आणि १९३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, नॉर्मंडीतील लुव्हिए येथून निवडून येऊन पार्लमेंटातील सर्वांत तरुण सभासद ठरले. १९३८ साली लेआँ ब्लुम यांच्या अल्पायुषी दुसऱ्या मंत्रिमंडळात ते अर्थखात्याचे उपमंत्री होते.

१९४० साली फ्रान्स कोसळला. विमानदलात दाखल झालेले मेंदेस लढा पुढे चालविण्याच्या इराद्याने जहाजाने मोरोक्कोस गेले. तेथे पेताँच्या सरकारने त्यांना पकडले आणि सैन्यातून पळ काढल्याचा आरोप ठेवून सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जून १९४१ मध्ये त्यांनी कैदेतून पलायन केले. त्या रात्रीची एक गोष्ट ते पुढे हसत सांगत. गज कापून ते भिंतीवर चढले, तो खाली झाडाजवळ एक प्रेमी युगुल गुजगोष्टी करीत उभे! त्यांचे बोलणे काही संपेना, आणि स्वातंत्र्यासाठी आतुर झालेला हा कैदी भिंतीवर ताटकळत बसलेला. अखेर ती दोघे निघून गेली तेव्हा याने खाली उडी टाकली. तेथून लंडन गाठून ते स्वतंत्र फ्रेंच विमानदलात सामील झाले आणि प्रत्यक्ष बाँबफेकीच्या मोहिमांवर गेले. पुढे द गॉल यांनी त्यांना अर्थखात्यासाठी अल्जिअर्सला बोलावून घेतले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत फ्रान्सचे प्रतिनिधित्व त्यांनीच केले.

युद्ध संपता संपता त्यांच्या स्वभावाची पहिली कसोटी लागली. अर्थव्यवस्थेचे मंत्री या नात्याने त्यांनी द गॉलना सांगितले की जुन्या नोटा बदलून चलन आवळले पाहिजे, काळ्या बाजारात गब्बर झालेल्यांना चाप बसविला पाहिजे, नाही तर महागाई आवरणार नाही. त्यांचे सहकारी प्लेव्हाँ यांना वाटे की पिचलेल्या लोकांना आणखी कडू औषध देऊ नये. द गॉल यांनी प्लेव्हाँ यांची बाजू घेतली, आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदेस यांनी राजीनामा दिला. पुढची नऊ वर्षे ते सत्तेबाहेर राहिले. इतरांची मंत्रिपदे फिरत होती, आणि हे सभागृहात उभे राहून आकडे मांडीत होते.

१९४६ च्या अखेरीपासून फ्रान्स इंडोचायनात हो चि मिन्ह यांच्याशी लढत होता. ऑक्टोबर १९५० मध्ये मेंदेस यांनी सभेला स्पष्ट बजावले की मार्ग दोनच आहेत. जिंकावयाचे असेल तर सैन्य आणि पैसा कित्येक पटींनी वाढवा, आणि त्यासाठी कर लादा. ते करावयाचे नसेल तर शत्रूशी बोलणी करा. युद्धही चालू ठेवावयाचे आणि त्याची किंमतही मोजावयाची नाही, हे चालणार नाही. जून १९५३ मध्ये ते पंतप्रधानपदासाठी सभेपुढे आले तेव्हाही त्यांनी हेच सूत्र मांडले की राज्य करणे म्हणजे निवड करणे. त्या वेळी ३१४ मते हवी होती. त्यांना ३०१ मिळाली. तेरा मतांनी संधी हुकली.

त्या तेरा मतांची किंमत दिएन बिएन फू येथे मोजावी लागली. छप्पन्न दिवसांच्या वेढ्यानंतर ७ मे १९५४ रोजी तो तळ पडला. जूनमध्ये लानिएल यांचे मंत्रिमंडळ कोसळले आणि राष्ट्राध्यक्ष कोती यांनी मेंदेस यांना पाचारण केले. १७ जून रोजी त्यांनी सभेपुढे जे भाषण केले, तसे त्या सभागृहाने पूर्वी ऐकले नव्हते. २० जुलैपर्यंत इंडोचायनात तह घडवून आणीन, न आणल्यास राजीनामा देईन, असे त्यांनी जाहीर केले. शिवाय, साम्यवाद्यांनी अनुकूल मते दिली तरी ती आपण हिशेबात धरणार नाही, असेही सांगितले. शत्रूशी वाटाघाट करणाऱ्याने शत्रूच्या मित्रांच्या पाठिंब्यावर उभे राहू नये, हा त्यामागचा विचार. ४१९ विरुद्ध ४७ मतांनी त्यांची निवड झाली. साम्यवाद्यांची मते वगळूनही आवश्यक बहुमत भरत होते.

मंत्रिमंडळ बनवितानाही त्यांनी जुनी रीत मोडली. पक्षनेत्यांशी खात्यांची देवघेव न करता त्यांनी माणसे स्वतः निवडली. परराष्ट्रखाते आपल्याकडे ठेवले. अर्थखाते एद्गार फोर यांना दिले, गृहखाते फ्रान्स्वा मित्तराँ यांना, संरक्षण सेनापती केनिग यांना. दर शनिवारी रेडिओवरून ते जनतेशी साध्या भाषेत बोलू लागले. पक्षांच्या डोक्यावरून थेट लोकांशी बोलणारा पंतप्रधान पक्षांना कसा रुचावा?

जिनेव्हात काम अवघड होते. ईडन, मोलोटोव्ह, चौ एन-लाय आणि व्हिएतमिन्हचे फाम व्हान डोंग अशी मंडळी समोर. भारत परिषदेचा सभासद नव्हता, तरी कृष्ण मेनन तेथे मध्यस्थीची खटपट करीत होते. तह न झाल्यास जाण्यापूर्वी सक्तीच्या भरतीचे सैनिक इंडोचायनात पाठविण्याचा ठराव मांडीन, अशी तंबी मेंदेस यांनी दिली. म्हणजे मुदत ही नुसती प्रतिज्ञा नव्हती, ते वाटाघाटीतले हत्यार होते. अखेर सतराव्या अक्षांशावर रेषा ठरली. सह्या होईपर्यंत २१ जुलैची पहाट उजाडली होती. पण सभागृहातील घड्याळे २० तारखेच्या मध्यरात्रीवरच थांबवून ठेवली होती! तहावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. १९५६ साली व्हावयाच्या निवडणुका झाल्या नाहीत आणि व्हिएतनामच्या नशिबी दुसरे युद्ध आले, हे खरे. पण फ्रान्सपुरते आठ वर्षांचे युद्ध थांबले.

दहाच दिवसांनी, ३१ जुलै रोजी, ते अचानक विमानाने ट्यूनिसला गेले. बरोबर मार्शल झ्युआँ यांना घेतले, म्हणजे वसाहतवाद्यांचे तोंड बंद राहावे. तेथे त्यांनी ट्यूनिशियाला अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली, आणि १९५६ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. पाँडेचरीचा प्रश्नही याच धडाडीने सुटला. १८ ऑक्टोबरला किळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केले. १७० जणांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला. तीन दिवसांनी दिल्लीत करार झाला. आमच्या गोव्याकडे पाहिले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. पोर्तुगालच्या सालाझार यांनी वाटाघाटीचे दार कधी उघडलेच नाही. १९५५ च्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, आणि गोवा मोकळा होण्यास १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या घराण्यातील एका वंशजाला जे उमगले ते खुद्द पोर्तुगालच्या राज्यकर्त्याला उमगले नाही.

पण निवडीचा हा पुरस्कर्ता सर्वत्र निवड करू शकला काय? पश्चिम जर्मनीसह सहा राष्ट्रांचे एक युरोपीय सैन्य उभारण्याचा करार १९५२ पासून फ्रेंच सभेच्या मंजुरीवाचून पडून होता. मंत्रिमंडळातच दुफळी होती. मेंदेस यांनी करारात बदल सुचविले. त्यावर ऑगस्टमध्ये केनिग धरून तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले, कारण त्यांना करार मुळीच नको होता. ३० ऑगस्ट रोजी सभेने ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तो फेटाळला. सरकारने मतदानात भागच घेतला नाही. मग करार हवा असलेल्या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले! ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी ही तटस्थता कधी क्षमा केली नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये जर्मनीला नाटो संघटनेत घेण्याचा दुसरा मार्ग त्यांनी काढला, तरी जखम राहिलीच.

घरातही शत्रू वाढत होते. दारूचे व्यसन हा फ्रान्सचा मोठा रोग आहे, असे म्हणून त्यांनी घरगुती भट्ट्यांच्या सवलतींवर हात घातला आणि शाळकरी मुलांना दूध देण्याची योजना काढली. चारचौघांत स्वतः दुधाचा पेला तोंडाला लावला. मुंबई राज्यातील दारूबंदीचा काळ आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण द्राक्षमळ्यांच्या त्या देशात त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्यांचा स्वतःचा मतदारसंघ सफरचंदाच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या धैर्याची कल्पना येते.

आणि अल्जीरिया? १२ नोव्हेंबर रोजी त्यांनी सभेत सांगितले की अल्जीरियाचे जिल्हे फ्रान्सचाच भाग आहेत, तेथे फुटून निघण्याची भाषा चालणार नाही. ट्यूनिशिया हे संरक्षित राज्य होते, अल्जीरिया कायद्याने फ्रान्सचे अंग मानले जाई. तेथे सुमारे दहा लक्ष युरोपीय राहत. हा भेद खरा होता. पण कायद्याचा तो पडदा दूर करून पाहिले असते तर मागे तेच सत्य दिसले असते, जे इंडोचायनात त्यांना इतरांच्या आधी दिसले होते. त्यांनी सैन्य पाठविले आणि त्याबरोबर काही सुधारणाही योजल्या. सैन्याने डावे दुखावले, सुधारणांनी वसाहतवाले बिथरले. अल्जीरियातून निवडून आलेले त्यांच्याच पक्षाचे रने मेयर त्यांच्यावर उलटले. ५ फेब्रुवारी १९५५ च्या पहाटे ३१९ विरुद्ध २७३ मतांनी मंत्रिमंडळ पडले. मतदानानंतर रीत मोडून ते पुन्हा बोलावयास उभे राहिले, तेव्हा सभागृहाने ओरडून त्यांचा आवाज बुडविला. अठरा दिवसांनी पंतप्रधान झाले ते त्यांचेच मंत्री एद्गार फोर.

पुढे १९५६ मध्ये गी मोले यांच्या मंत्रिमंडळात ते बिनखात्याचे मंत्री झाले. मोले यांनी अल्जीरियात दडपशाहीचा मार्ग धरला तेव्हा मे महिन्यात ते बाहेर पडले. या वेळी त्यांनी निवड केली होती, पण हातात सत्ता नव्हती. १९५८ साली सैन्याच्या धाकाखाली द गॉल सत्तेवर आले. युद्धकाळातील आपल्या या नेत्याविरुद्ध मेंदेस यांनी मत दिले आणि त्याच वर्षी लुव्हिएची जागा गमावली. पंतप्रधानपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९८१ साली मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी आपल्या या जुन्या पंतप्रधानाला भर समारंभात मिठी मारली, आणि मेंदेस यांचे डोळे भरून आले. पुढल्याच वर्षी १८ ऑक्टोबरला त्यांचा अंत झाला. किळूरच्या त्या मतदानाला बरोबर अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली, तो हा दिवस.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झालेल्या दोन्ही कथा १९६२ च्या उन्हाळ्यात संपल्या. जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला, पण तोवर लक्षावधी माणसे मेली होती आणि चौथे प्रजासत्ताकही त्या आगीत जळून गेले होते. १६ ऑगस्टला पाँडेचरीचे विलीनीकरण कायद्याने पुरे झाले. तिथे कोणाचे घर जळले नाही, आणि फ्रेंच भाषेवरचा लोभही शिल्लक राहिला. वेळीच केलेली निवड आणि टाळलेली निवड यांतले अंतर याहून स्पष्ट कोणता इतिहास दाखवील? मेंदेस-फ्रान्स यांनी आपले सूत्र साडेसात महिन्यांत तीनदा खरे करून दाखविले आणि एकदा, सर्वांत मोठ्या प्रसंगी, ते स्वतःच चुकले. त्यांच्या यशाइतकीच त्यांची ही चूकही आम्हांला मोलाची वाटते. लोकशाहीत सत्य सांगणारा नेता मिळणे कठीण, हे आपण नेहमी म्हणतो. पण ज्या सभेने त्याला ४१९ मतांनी उचलून घेतले त्याच सभेने त्याला ओरडून खाली बसविले, आणि ती सभा लोकांनीच निवडून दिलेली होती. निवड केवळ नेत्याला करावयाची नसते, ती आपल्यालाही करावयाची असते.