सोयाबीनयुक्त आहार आणि पुरुषांचे प्रजननस्वास्थ्य

सोयाबीनयुक्त आहार आणि पुरुषांचे प्रजननस्वास्थ्य यांचा परस्परसंबंध हा आहारशास्त्र व अंतःस्रावशास्त्र या शाखांमधील एक दीर्घकाळ चाललेला वादविषय आहे. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन या वर्गातील द्रव्ये असतात. त्यांची रेणुरचना इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी काही अंशी जुळते. त्यामुळे सोयाबीन नियमित खाणाऱ्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळी घटते, शुक्राणूंची संख्या कमी होते किंवा स्तनांची वाढ होते, अशी शंका घेतली जाते. नेहमीच्या आहारात जेवढे सोयाबीन येते तेवढ्यापुरती ही शंका माणसांवरील नियंत्रित प्रयोगांतून खरी ठरलेली नाही. तथापि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या शंकेला जो आधार मिळाला, तो लोकांच्या स्मरणातून गेलेला नाही. तान्ह्या मुलांना दिल्या जाणाऱ्या सोया-दुधाचा प्रश्न याहून वेगळा असून त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

संज्ञा आणि गैरसमज

सोयाबीनमधील प्रमुख आयसोफ्लेव्होन तीन आहेत: जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन. इस्ट्रोजेनशी असलेल्या साधर्म्यामुळे त्यांना ‘वनस्पतिज इस्ट्रोजेन’ म्हटले जाते. मराठीत इस्ट्रोजेनसाठी ‘स्त्रीमदजन’ किंवा सरळ ‘स्त्री-संप्रेरक’ असे शब्द रूढ झाले, आणि वादातील निम्मा गोंधळ या नामकरणातच आहे असे म्हणावेसे वाटते. ‘वनस्पतीतील स्त्री-संप्रेरक’ असे वाचल्यावर सामान्य वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते वस्तुस्थितीपासून दोन बाबतींत दूर आहे. एक म्हणजे इस्ट्रोजेन केवळ स्त्रियांच्या शरीरात नसते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही अंश सतत इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होत असतो, आणि हाडांच्या बळकटीसाठी तसेच शुक्राणूंच्या निर्मितीसाठी त्याची गरजही असते. दुसरे म्हणजे आयसोफ्लेव्होन हे इस्ट्रोजेन नव्हे.

इस्ट्रोजेनचा परिणाम पेशींमधील ग्राही प्रथिनांमार्फत होतो. या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार असून त्यांपैकी बीटा प्रकाराचा शोध १९९६ साली लागला. शरीरातील मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्रॅडिऑल, दोन्ही ग्राहींना घट्ट चिकटते. जेनिस्टीन प्रामुख्याने बीटा ग्राहीला चिकटते आणि त्याचा प्रभावही कितीतरी क्षीण असतो. वेगवेगळ्या ऊतींत या दोन ग्राहींचे प्रमाण वेगवेगळे असल्याने आयसोफ्लेव्होनचा परिणाम कुठे इस्ट्रोजेनसारखा, कुठे त्याच्या विरुद्ध, तर कुठे शून्य असा दिसतो. शिवाय आतड्यातील काही जिवाणू डेडझीनपासून इक्वॉल नावाचे अधिक प्रभावी द्रव्य तयार करतात. हे जिवाणू सर्वांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश प्रौढांत इक्वॉल तयार होते, तर जपानसारख्या देशांत सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांत होते.

प्राण्यांवरील निरीक्षणे

वादाचे मूळ सोयाबीनमध्ये नसून एका चाऱ्यात आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या एका जातीवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ राहू लागल्या. १९४६ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तो ‘क्लोव्हर रोग’ म्हणून ओळखला गेला. चाऱ्यातील फॉर्मोनोनेटिन हे आयसोफ्लेव्होन मेंढीच्या पोटात इक्वॉलमध्ये बदलते आणि दिवसभर तोच चारा खाल्ल्याने त्याची मात्रा प्रचंड होते, असे पुढे दिसून आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वंध्यत्वाचा हा रोग मुख्यतः माद्यांचा होता.

१९८७ साली उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांमधील चित्त्यांचे वंध्यत्व व यकृतविकार यांचा संबंध त्यांच्या खाद्यातील सोयाबीनशी जोडण्यात आला. मार्जारकुळातील प्राण्यांच्या यकृतात अशी द्रव्ये निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची क्षमता फारच कमी असते. माणसाच्या यकृतात ती भरपूर असते. उंदीर-घुशींच्या रक्तातही न बदललेले, म्हणजे सक्रिय, आयसोफ्लेव्होन माणसाच्या तुलनेत पुष्कळ अधिक राहते. ‘प्रयोगात सिद्ध झाले’ असे म्हणताना तो प्रयोग कोणावर झाला, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२००८ चा बोस्टन अभ्यास

या वादातील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास जॉर्ज चवारो व सहकाऱ्यांचा आहे. तो २००८ साली ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या वंध्यत्वचिकित्सा विभागात आलेल्या जोडप्यांमधील ९९ पुरुषांना मागील तीन महिन्यांत सोयाबीनचे १५ पदार्थ किती वेळा खाल्ले हे विचारण्यात आले आणि त्यांच्या वीर्याची तपासणी करण्यात आली. सर्वाधिक सोया खाणाऱ्या गटात शुक्राणूंची घनता, सोया मुळीच न खाणाऱ्यांच्या तुलनेत, दर मिलिलिटरमागे सरासरी ४ कोटी १० लाखांनी कमी आढळली.

आकडा मोठा आहे आणि तो वृत्तपत्रांतून जगभर गेला. त्याच शोधनिबंधातील इतर निष्कर्ष मात्र तेवढे पसरले नाहीत. शुक्राणूंची हालचाल, त्यांचा आकार व वीर्याचे आकारमान यांचा सोयाशी संबंध आढळला नव्हता. घनतेतील घट मुख्यतः ज्यांची घनता मुळातच जास्त होती अशा पुरुषांत, तसेच लठ्ठ पुरुषांत अधिक ठळक होती. घनता म्हणजे एका मिलिलिटरमधील संख्या. वीर्याचे आकारमान थोडे वाढले तरी एकूण शुक्राणू तेवढेच असूनही घनता कमी भरते. जास्त सोया खाणाऱ्या गटात हे आकारमान किंचित अधिक होते, याकडे नंतरच्या परीक्षणांनी लक्ष वेधले आहे. सर्वांत वरच्या गटाचे सेवनही सरासरी दिवसाला सुमारे अर्धे वाढप एवढेच होते. जपानमधील प्रौढ व्यक्ती याहून पुष्कळ अधिक, म्हणजे रोज साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, टोफू, मिसो, नात्तो अशा पदार्थांतून घेत असते.

या अभ्यासाची खरी मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. तो निरीक्षणात्मक होता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच तो सांगतो; एकीमुळे दुसरी घडली असे सांगत नाही. लेखकांनीही तसा दावा केलेला नव्हता. चवारो हे ज्यांत सहलेखक होते, अशा २०१५ मधील दुसऱ्या अभ्यासात कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांतील १८४ पुरुषांचा सोया-आहार व उपचारांचे यश यांत कोणताही संबंध आढळला नाही. तो निबंध वृत्तपत्रांत क्वचितच उल्लेखिला गेला.

नियंत्रित प्रयोग

कारणसंबंध तपासायचा तर काही पुरुषांना ठरावीक मात्रा ठरावीक काळ देऊन पाहावी लागते. असे प्रयोग झाले आहेत. २००१ साली ब्रिटनमध्ये १५ निरोगी पुरुषांना दोन महिने रोज ४० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन देण्यात आले. त्यांच्या संप्रेरकांत किंवा वीर्याच्या गुणवत्तेत फरक पडला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील प्रयोगात ३२ तरुणांनी दुधाचे प्रथिन, अल्प आयसोफ्लेव्होन असलेले सोया-प्रथिन आणि सुमारे ६२ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असलेले सोया-प्रथिन असे तीन आहार प्रत्येकी ५७ दिवस घेतले. मध्ये काही आठवड्यांचा खंड होता. तिन्ही काळांतील वीर्यतपासणीत लक्षणीय फरक आढळला नाही.

टेस्टोस्टेरॉनविषयी पुरावा अधिक भरभक्कम आहे. २०१० मधील एकत्रित विश्लेषणात सोया-प्रथिन किंवा आयसोफ्लेव्होनचा टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवर परिणाम दिसला नाही. २०२१ साली हे विश्लेषण ४१ अभ्यासांपर्यंत वाढवण्यात आले. तेव्हाही टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेन या दोहोंबाबत निष्कर्ष तोच राहिला. २०२१ च्या निबंधाच्या एका लेखकाचा सोया-उद्योगाकडून अंशतः अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संस्थेशी संबंध होता, हे नोंदवणे उचित होय. त्यात समाविष्ट मूळ प्रयोग मात्र निरनिराळ्या देशांतील स्वतंत्र गटांचे आहेत. वीर्यावरील प्रयोग लहान आहेत आणि त्यांचा काळ शुक्राणूनिर्मितीच्या एका चक्राएवढा किंवा त्याहून थोडा कमी आहे, ही उणीव राहतेच.

अतिसेवनाची उदाहरणे

२००८ साली एका ६० वर्षांच्या पुरुषाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला स्तनवृद्धी व कामेच्छा मंदावण्याचा त्रास होता आणि रक्तातील इस्ट्रोजेन बरेच वाढले होते. चौकशीत तो रोज सुमारे पावणेतीन लिटर सोया-दूध पीत असल्याचे आढळले. ते बंद केल्यावर पातळी पूर्ववत झाली. २०११ मध्ये सोयाबहुल वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या १९ वर्षांच्या मधुमेही तरुणाची तशीच नोंद झाली, आणि तोही आहार बदलल्यावर वर्षभरात सुधारला. या नोंदी खऱ्या आहेत व दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. मात्र त्यांतील सेवन नेहमीच्या आहाराच्या अनेक पट होते. जपानच्या अन्नसुरक्षा आयोगाने २००६ साली आयसोफ्लेव्होनची सुरक्षित दैनिक कमाल मात्रा ७० ते ७५ मिलिग्रॅम मानली, आणि नेहमीच्या आहाराव्यतिरिक्त गोळ्या-चूर्णांतून ३० मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये असे सुचवले.

तान्ह्या मुलांचा प्रश्न

आईचे किंवा गाईचे दूध न चालणाऱ्या बालकांना सोया-प्रथिनांचे दूध दिले जाते. अशा बालकाचे हे एकमेव अन्न असल्याने वजनाच्या प्रमाणात त्याला मिळणारे आयसोफ्लेव्होन प्रौढांच्या कित्येक पट असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांत टेस्टोस्टेरॉनची पातळी काही काळ वाढते. मार्मोसेट जातीच्या माकडांवरील २००२ मधील ब्रिटिश प्रयोगात सोया-दुधावर वाढवलेल्या पिल्लांत ही वाढ दबलेली आढळली. तीच माकडे प्रौढ झाल्यावर त्यांची प्रजननक्षमता मात्र अबाधित दिसली. अमेरिकेत बालपणी सोया-दूध घेतलेल्या व न घेतलेल्या ८११ तरुण-तरुणींची २००१ साली पाहणी झाली. त्यांच्या प्रजननस्वास्थ्यात महत्त्वाचा फरक नव्हता, परंतु ती पाहणी दूरध्वनीवरील प्रश्नांवर आधारलेली होती. वीर्यतपासणी झालेली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१० साली या दुधाबाबतची चिंता ‘अत्यल्प’ या श्रेणीत ठेवली. ‘नगण्य’ ही त्याखालची श्रेणी त्याने दिली नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठवाडा व विदर्भात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख नगदी पीक असून लातूरची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. पिकाचा पसारा मोठा असला तरी ताटात येते ते मुख्यतः तेल. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत. ते पेंडीत राहतात आणि पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीत जाते. त्यामुळे सोयाबीन तेलाच्या फोडणीमुळे पुरुषत्व कमी होते ही समजूत निराधार आहे. सोया-वडी तेल काढलेल्या पिठापासून बनते, त्यामुळे तिच्यात आयसोफ्लेव्होन असतात. गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन घालण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. या दोन्हींतून मिळणारी मात्रा सामान्यतः वर सांगितलेल्या प्रयोगांतील मात्रेच्या आतबाहेर राहते.

वंध्यत्वाच्या तपासणीशी संबंध

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा संपूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. आपल्याकडे तपासण्यांची रांग तरीही स्त्रीपासूनच सुरू होते, आणि पुरुष ताटातील सोया-वडी बाजूला काढून आपल्या परीने उपाय केल्याचे समाधान मानतो. अंडकोशातील शिरा फुगणे, संसर्ग, तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, भट्टीसारख्या उष्ण जागी दीर्घकाळ काम ही शुक्राणूंवर परिणाम करणारी अधिक परिचित कारणे आहेत. व्यायामशाळांत पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकतात. सोया-प्रथिनाच्या डब्याला भिणारा तरुण कित्येकदा या इंजेक्शनांना भीत नाही.

वीर्यतपासणी ही साधी व तुलनेने स्वस्त चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही घनतेची खालची संदर्भमर्यादा मानली जाते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढला जात नाही. शुक्राणू तयार होऊन परिपक्व होण्यास अडीच ते तीन महिने लागत असल्याने आहारात किंवा सवयींत केलेल्या बदलाचा परिणाम पाहायचा असेल, तर तेवढा काळ गेल्यावर पुन्हा तपासणी केली जाते.