परळची जुनी वास्तू : चॅपल, गव्हर्नरचा बंगला आणि हाफकिन संस्था

परळच्या केईएम, वाडिया किंवा टाटा हॉस्पिटलात आपल्यापैकी कोण गेलेलं नाही? त्याच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेचं आवार आहे. नाव सगळ्यांना ठाऊक, पण आतली मुख्य इमारत एके काळी ख्रिस्ती पाद्र्यांचं चॅपल होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. ही माहिती मी इथं क्रमाने देतो आहे, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे या वास्तूवर आज एका यहुदी माणसाचं नाव आहे. दुसरं म्हणजे, प्रार्थना करणारी माणसं गेली की प्रार्थनेच्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न आज आपल्याही समाजापुढे आहे.

पाद्र्यांचा मठ

पोर्तुगीज काळात परळ, वडाळा, शीव या भागांत जेझुइट पाद्र्यांच्या मोठ्या जमिनी होत्या. परळला त्यांचा मठ आणि त्याला लागून चॅपल होतं. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळालं आणि १६६८ मध्ये ते कंपनीकडे आलं. पोर्तुगीज पाद्र्यांवर इंग्रजांचा विश्वास नव्हता. शत्रूशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून कंपनीने जमिनी ताब्यात घेतल्या आणि १७१९-२० च्या सुमारास परळचा मठही काढून घेतला. तेव्हा चार्ल्स बून हे गव्हर्नर होते. थोडक्यात, ही जागा कोणी सोडून दिली नव्हती. ती सक्तीने घेतली गेली, हे लक्षात ठेवायला हवं.

गव्हर्नरचा बंगला

सुरुवातीला गव्हर्नर मंडळी हवापालटासाठी इथं येत. पुढे विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत (१७७१ ते १७८४) परळ हेच गव्हर्नरचं राहण्याचं ठिकाण झालं. फोर्टातली गर्दी नको, भोवती मोकळी बाग हवी, म्हणून ही जागा त्यांना आवडली.

चॅपल पाडलं मात्र नाही. त्याच्या भिंतींमध्येच खाली मेजवानीचं दालन आणि वर नाचाचा हॉल तयार झाला. जिथं मिस्सा व्हायची तिथं आता जेवणावळी उठू लागल्या आणि वरती बँड वाजू लागला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) यांनी इमारतीला दोन्ही बाजूंनी पंख जोडले. म्हणून आज बाहेरून पाहिलं तर रुंद सरकारी बंगलाच दिसतो, चर्चची खूण चटकन सापडत नाही. मधला लांबट भाग कशासाठी बांधला होता हे माहीत असेल, तरच मूळ चॅपलचा आकार ध्यानात येतो. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईला आले तेव्हा ते इथंच उतरले होते.

बंगला ओस पडला

तोवर परळचं रूप पालटत चाललं होतं. गिरण्या आल्या, चाळी आल्या, धूर आला. १८८२ च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी लेडी ऑलिव्ह कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांनी परळ सोडलं आणि मलबार पॉइंटला बिऱ्हाड हलवलं. बंगला ओस पडला.

प्लेग आणि हाफकिन

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. लोक घरंदारं सोडून गावाकडे पळू लागले. त्या साथीत परळच्या बंगल्यातही प्लेगचे रोगी ठेवले गेले.

सरकारने डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ते आपल्यासारखे बेने इस्राएल नव्हते. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात, एका यहुदी घरात झाला. बाप्तिस्मा घेतला असता तर रशियात बढतीची वाट मोकळी होती, पण त्यांनी नकार दिला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. ज्या रोगाने गव्हर्नरांच्या घरात मृत्यू आणला, त्याच रोगावर लस शोधणारा माणूस काही वर्षांनी त्याच घरात कामाला बसणार होता.

मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम सुरू केलं. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे आणि लस तयार. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावं म्हणून गाईचं किंवा डुकराचं मांस न घेता बकऱ्याचं घेतलं जाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. काही काळ आगा खान यांनी दिलेल्या खुश्रू लॉज या बंगल्यात काम चाललं. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

आरोप आणि सुटका

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. खरी चूक बाटली उघडताना गावातच झाली होती. सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. त्यानंतर ते कलकत्त्यात काम करू लागले. परळला परत आले नाहीत. पण १९२५ मध्ये त्यांच्या हयातीतच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढच्या वयात ते कडक धर्माचरण करू लागले, आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या येशिवांसाठी ठेवली. १९३० मध्ये लोझान इथं त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आपण यातून काय घ्यावं

मी सध्या मुलाकडे दुबईत राहतो. अबूधाबीला २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि मोझेस बेन मैमॉन सिनेगॉग अशा तीन नव्या वास्तू एकाच आवारात उघडल्या. तिथं सगळं नवंकोरं. आपल्या कोकणात मात्र उलट आहे. सिनेगॉग जुनी, आणि आलिया झाल्यावर मिन्यान जमवायला दहा पुरुष मिळत नाहीत.

आपल्या मिश्नेत, मगिल्ला भागात, सिनेगॉग विकण्याचे नियम दिले आहेत. ते स्नानगृह किंवा कातडी कमावण्याचा कारखाना यासाठी देऊ नये, असं तिथं म्हटलं आहे. सिनेगॉग ओसाड पडलं तरी त्याचं पावित्र्य जात नाही. आत गवत उगवलं तर उपटू नये, पाहणाऱ्याला दुःख होऊ द्यावं, हेही सांगितलं आहे.

परळच्या वास्तूने दोन्ही प्रकार पाहिले. एकदा ती जबरीने घेऊन तिथं मेजवान्या झाल्या. दुसऱ्यांदा तिथं लस बनली आणि लाखो जीव वाचले. वास्तू टिकली ती वापरात राहिली म्हणून, पण तिचा मान वाढला तो पुढे तिथं झालेल्या कामामुळे. मला वाटतं, आपल्या गावच्या रिकाम्या सिनेगॉगबद्दल निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर तो आपण हयात असताना, आपल्या हातांनी आणि चांगल्या कामासाठी घ्यावा. दुसरा कोणी आपल्यासाठी तो घेईल, याची वाट पाहू नये.

तूर्त एक सोपं काम करता येईल. आपल्या गावचं सिनेगॉग कुणी बांधलं, सेफेर तोरा कुठून आला, हजान कोण होते, हे आठवतं तेवढं वहीत लिहून ठेवा. परळच्या चॅपलमध्ये कोण प्रार्थना करायचं, त्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या माणसांची तरी राहू द्या.