परवलीच्या शब्दाचे बलमापन : एक ऐतिहासिक विचार

किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकऱ्यास जो शब्द सांगितल्यावाचून आत प्रवेश मिळत नसे, तो परवलीचा शब्द होय. त्याची सारी किंमत गुप्ततेत होती. तो आखूड आहे की लांब, हा प्रश्न उद्भवत नसे. कारण चुकीचा शब्द उच्चारणाऱ्यास दुसरी संधी क्वचितच मिळे. संगणकाच्या युगात हाच शब्द ‘पासवर्ड’ या नावाने सर्वसामान्य मनुष्याच्या व्यवहारात आला. एखाद्या संकेतस्थळावर नावनोंदणीचा अर्ज भरताना पासवर्डच्या रकान्याखाली तांबड्या रंगाकडून हिरव्या रंगाकडे सरकणारी एक पट्टी पुष्कळदा दिसते, आणि ती ‘दुर्बल’, ‘मध्यम’, ‘सबळ’ असा निर्णय देते. ही पट्टी नेमके काय मोजते? वरवर पाहता ती अक्षरे मोजते असे वाटते. तिचा इतिहास पाहिला असता मात्र असे आढळते की, ती वस्तुतः भाषा मोजते. आणि म्हणूनच ती कोणाची भाषा जाणते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी व्यवस्था निर्माण झाली. तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. प्रत्येकाचे काम पृथक् राहावे म्हणून तेथे पासवर्डचा अवलंब करण्यात आला. परंतु सर्वांचे पासवर्ड एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने यंत्राचा अधिक वेळ मिळावा म्हणून ती यादीच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये एका चुकीमुळे ती यादी दैनंदिन सूचनेच्या जागी सर्वांपुढे प्रकट झाली. या अनुभवांतून यादी मूळ स्वरूपात न ठेवण्याचा विचार पुढे आला. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडम यांनी त्याच दशकात असा उपाय योजला की, पासवर्डचे एकमार्गी रूपांतर करून तेवढेच साठवावे. रूपांतरावरून मूळ शब्द परत काढता येऊ नये.

या उपायाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. रूपांतरित यादी हाती आलेल्या मनुष्यास आता शब्द ‘वाचता’ येत नव्हता. तो ‘ओळखावा’ लागत होता. संभाव्य शब्द एकामागून एक घ्यावयाचे, त्यांचे रूपांतर करावयाचे, व यादीशी ताडून पाहावयाचे. येथे पहारेकरी नाही, आणि प्रयत्नांना मर्यादाही नाही. शब्दाचे ‘बळ’ ही कल्पना येथे जन्मली. तो ओळखण्यास किती प्रयत्न पडतील, हेच त्याचे बळ.

रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या बळाची पहिली मोठी मोजदाद आढळते. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी १५ एकाक्षरी, ७२ द्व्यक्षरी व ४६४ त्र्यक्षरी होते. चार, पाच व सहा अक्षरांचे ठरावीक घडणीचे शब्द मिळून ही संख्या २,३३९ भरली. उरलेल्यांपैकी आणखी ४९२ शब्द शब्दकोशांत, नामावलींत व तत्सम याद्यांत सापडले. सारांश, ८६ टक्के पासवर्ड सहज ओळखण्याजोगे होते. या मोजणीत दोन वेगळी माने एकत्र आली आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिले मान लांबीचे; ते गणिताने मिळते. दुसरे मान शब्दकोशाचे; ते भाषेच्या ज्ञानावाचून मिळत नाही.

पुढील काळात पहिल्या मानालाच अधिक महत्त्व आले. क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये इंग्रजी लेखनातील प्रत्येक अक्षर किती अनपेक्षित असते याचा अंदाज मांडला होता. त्याचा आधार घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ मध्ये एक कोष्टक दिले : पहिल्या अक्षरास ४ बिट, पुढील सातांस प्रत्येकी २, नवव्यापासून विसाव्यापर्यंत प्रत्येकी दीड, मोठी अक्षरे व चिन्हे वापरण्याची सक्ती असल्यास आणखी ६. त्यानुसार आठ अक्षरी साध्या शब्दाचे बळ १८ बिट व सक्तीच्या नियमाने २४ बिट होते. परंतु शॅनन यांचा विचार सलग गद्याविषयी होता. पासवर्ड हे गद्य नव्हे, ती निवड आहे. शिवाय ओळखणारा सरासरीने चालत नाही, तो सर्वांत रूढ शब्दापासून आरंभ करतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लक्ष पासवर्ड उघड झाले, तेव्हा त्यांत ‘१२३४५६’ हा सर्वाधिक प्रचलित ठरला. मॅट विअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच उघड झालेल्या याद्यांवर प्रयोग करून २०१० मध्ये दाखवून दिले की, कोष्टकातील बिटांवरून प्रत्यक्ष बळाचा अंदाज बांधता येत नाही.

अर्जावरील मापकाचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २,९३१ व्यक्तींवर चौदा प्रकारचे मापक अजमावले. मापक दिसताच लोक लांब पासवर्ड निवडतात, परंतु बळात खरी वाढ कठोर गुण देणाऱ्या मापकानेच होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मापकाच्या शब्दाला लोक मान देतात, हा त्याचा अर्थ. म्हणूनच त्याचा चुकीचा शब्द घातक ठरतो. त्याच वर्षी डॅनियल व्हीलर यांनी ड्रॉपबॉक्समध्ये रचलेला मापक प्रसिद्ध झाला. त्याने अक्षरांचे प्रकार मोजण्याचे सोडून प्रचलित पासवर्ड, इंग्रजी शब्द, अमेरिकन जनगणनेतील नावे, तारखा व कळफलकावरील क्रम यांच्याशी शब्द ताडून पाहिला. मॉरिस-थॉम्प्सन यांचे दुसरे मान अशा रीतीने पुन्हा अग्रभागी आले. २०१७ मध्ये मानक संस्थेनेही चिन्हांच्या सक्तीचा आग्रह सोडून रूढ शब्दांची यादी ताडण्यास व मापकासारखे मार्गदर्शन देण्यास अनुमोदन दिले.

तथापि यादी ही कोणत्या तरी भाषेची असते. व्हीलर यांच्या मापकात यादीत न सापडलेल्या प्रत्येक अक्षरास दहा पर्याय धरले जातात. म्हणजे अकरा रोमन अक्षरांच्या, यादीबाहेरील शब्दास सुमारे दहा हजार कोटी प्रयत्न लागतील असे तो मानतो. आता ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्यावे. मराठी उच्चारानुसार ते रोमन लिपीत ‘द्न्या’ने आरंभ होते व अकरा अक्षरांचे भरते, हिंदी वळणाने ‘ग्या’ने आरंभ होते. ज्या यादीत यांपैकी एकही रूप नाही, तिला दोन्ही रूपे निरर्थक अक्षरसमूह वाटणार. परंतु मराठी नामावली जवळ असलेल्या मनुष्यास ती काही सहस्र प्रयत्नांतच सापडतील. हा धोका केवळ कल्पित नाही. चिनी संकेतस्थळांवरील दहा कोटींहून अधिक पासवर्डांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिनी उच्चारांच्या रोमन लेखनाची यादी व तेथील रचनेच्या सवयी जमेस धरताच शब्द ओळखण्याचे काम लक्षणीय सुकर झाल्याचे आढळले. जे चिनीच्या बाबतीत घडले ते मराठीच्या बाबतीत घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

यावरून मापक टाकाऊ ठरत नाही. तो ज्याला ‘दुर्बल’ म्हणतो तो शब्द बहुधा दुर्बलच असतो. त्याच्या ‘सबळ’ या निर्णयास मात्र तेवढी खात्री नाही, कारण त्या निर्णयाचा अर्थ ‘हा शब्द मला ठाऊक नाही’ इतकाच असतो. मापकाच्या अज्ञानाला शब्दाचे बळ समजणे, ही या प्रकरणातील मूळ चूक होय. मराठीभाषकांसाठी नावनोंदणीचा अर्ज रचणाऱ्याने मराठी नावे, आडनावे, देवतांची नावे, ग्रामनामे व त्यांची रोमन लेखनातील विविध रूपे यांची यादी मापकास जोडणे अगत्याचे आहे. ती यादी सिद्ध करणे हे केवळ गणितज्ञाचे काम नव्हे. ज्ञ, ळ, ण यांचे रोमन लेखन लोक प्रत्यक्षात कसे करतात हे ज्याने अभ्यासले आहे, अशा भाषाशास्त्रज्ञाचेही ते काम आहे.