झाडांचे पहारेकरी

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपलें दुखणें वैद्यास सांगतो. झाडास तें सांगतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलण्यास दुसरा कोणी तरी लागतो. हा दुसरा कोण, या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेस विसाव्या शतकाच्या अखेरीस एका भुंगेऱ्यानें शिकविलें, आणि त्याची दक्षिणाहि जबर घेतली.

हा भुंगेरा मूळचा चीन व कोरिया या देशांतला. लांबी इंच-दीड इंच, अंग काळेंभोर व तकतकीत, त्यावर पांढरे ठिपके, आणि अंगाहून लांब अशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिशा. कोंकणांत आंब्याचें खोड पोखरणारा भिरूड कीटक याच कुळांतला. मादी सालींत खांच पाडून एकेक अंडें घालते. अळी प्रथम सालीखालचा थर खाते व मग लांकडांत शिरते. शेवटीं पूर्ण वाढलेला भुंगेरा पेन्सिल आंत जाईल एवढें वाटोळें छिद्र पाडून बाहेर पडतो, आणि तेव्हां कोठें घरांत चोर शिरला होता हें कळतें. उत्तर चीनमध्यें वाळवंटाचा प्रसार रोखण्यासाठीं १९७८ पासून झाडांचे लांबच लांब पट्टे लावण्यांत आले. त्यांत पॉप्लरचा भरणा फार असल्यामुळें या किडीस आयतें अन्नछत्रच सांपडलें. पुढें माल भरण्याच्या लांकडी खोक्यांतून तिनें समुद्र ओलांडला.

१९९६ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत एका रहिवाशास आपल्या मेपल वृक्षांना गोल भोंकें पडलेलीं दिसलीं. कोणी खोडकर पोरें गिरमिट चालवीत असावींत, असा त्याचा समज झाला. त्यानें तक्रार केली आणि खरा चोर उघडकीस आला. १९९८ मध्यें शिकागो शहरांतहि एका साध्या नागरिकासच हा भुंगेरा प्रथम आढळला. त्या वर्षाच्या अखेरीस चीनमधून येणाऱ्या लांकडी वेष्टनांवर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची झाली. शिकागोंत दीड हजारांवर झाडें पडलीं, परंतु २००८ सालीं तें शहर कीडमुक्त ठरलें.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वूस्टर येथें एका गृहिणीस आपल्या परसांत अपरिचित भुंगेरे दिसले. तिनें वर्दी दिली. तज्ज्ञ आले व पाहतात तों कीड तेथें किमान दहा वर्षें नांदत होती! १९५३ च्या भयंकर वावटळीनंतर त्या शहरानें रस्तोरस्तीं मेपलच लावले होते. एकाच जातीची सावली एकाच शत्रूच्या हातीं सांपडली. तीस हजारांहून अधिक झाडें तोडून त्यांचा भुगा करावा लागला. खबर देणाऱ्यांचीं दारेंहि उघडीं पडलीं. आपल्या हातानें दिलेल्या वर्दीनें आपलीच सावली जाते, हें ठाऊक असूनहि वर्दी देणें हा लहान त्याग नव्हे.

तो त्याग वायां गेला नाहीं. १९१० पूर्वींपासून वृक्षांचा मोठा संग्रह बाळगणाऱ्या बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानासमोर, एका रुग्णालयाच्या आवारांत, २०१० सालीं ही कीड सांपडली. तेथें काम करणाऱ्या माळ्याची नजर वेळींच गेली होती. बाधित निघालीं तीं अवघीं सहा झाडें. २०१४ मध्यें बोस्टन मुक्त झालें. तीस हजार आणि सहा यांतील अंतर हें औषधाचें नव्हे, वेळेचें अंतर आहे.

यावरूनच पुढें लोकांच्या नजरेस शिस्त लावण्यांत आली. ऑगस्ट महिना झाडें तपासण्याचा ठरला. ज्यांच्या घरीं पोहण्याचे हौद आहेत त्यांनीं गाळणींत अडकलेले कीटक तपासावे, संशयित भुंगेऱ्याचें चित्र तज्ज्ञांकडे पाठवावें, अशी योजना न्यूयॉर्क व न्यू हॅम्पशायर राज्यांनीं चालविली. येणाऱ्या वर्द्यांत चुकीच्याहि असतात. देवदाराच्या कुळांतील झाडांवर राहणारा एक देशी भुंगेरा पुष्कळांस फसवितो. निर्णय तज्ज्ञांचाच, परंतु शंभर चुकीच्या वर्द्या तपासण्याचा खर्च एक खरी वर्दी उशिरां येण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

तज्ज्ञ थोडे आणि झाडें अगणित. प्रत्येक झाडापाशीं शास्त्रज्ञ उभा करतां येणार नाहीं. पण बहुतेक झाडांखालून कोणी ना कोणी रोज जात असतें. त्यानें क्षणभर थांबून वर पाहिलें, तर पहारा पुरा होतो.