धरमतरचा खाडीकाठ आणि प्रयोगशाळेतील सुरक्षितता

अंबा नदीच्या मुखाशी असलेल्या धरमतर खाडीच्या पेणकडील काठावर मिठागरांत, म्हणजे भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत साठवून उन्हात आटवण्याच्या जागी, मीठ पिकवले जात असे. शाळेत स्फटिकीभवन, म्हणजे द्रावणातून घन पदार्थाचे नियमित आकाराचे कण वेगळे होणे, या नावाने शिकवली जाणारी क्रिया येथे आधीपासूनच उपजीविकेचा भाग होती.

अशा क्रिया शिकवणारे विज्ञान सर्व विद्यार्थ्यांना दहावीपर्यंत सक्तीचे असावे, ही शिफारस कोठारी शिक्षण आयोगाने (1964-66) केली. मीठ निरुपद्रवी असले, तरी शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्याच कपाटात असलेले संहत, म्हणजे अत्यल्प पाणी असलेले, सल्फ्युरिक आम्ल तसे नव्हे: ते पाण्यात मिसळताना इतकी उष्णता बाहेर पडते, की आम्लावर पाणी ओतल्यास ते क्षणात उकळून आम्लासह चेहऱ्यावर उडते, आणि म्हणूनच आम्ल पाण्यात थोडेथोडे ढवळत सोडावे, हा नियम शिकवला जातो.

अशी धोकादायक रसायने शाळेपुरती राहिली नाहीत; पुढे रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने आले. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, तसेच आसपासच्या लोकांना देणे मालकांवर बंधनकारक झाले. शाळेची प्रयोगशाळा या अधिनियमाच्या कक्षेत कधी आली नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. म्हणून प्रत्येक बाटलीवर धोक्याची सूचना आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असेल, याची काळजी खाडीकाठच्या शाळांनी स्वतःहून घ्यावी.