माप दारूचे, नेम गोळीचा

'फुसका बार' हा वाक्प्रयोग आपण भाषणापासून आंदोलनापर्यंत कशालाही लावतो. त्यामागची बंदूक मात्र विस्मरणात गेली आहे. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने भरावा लागे. शिंगातली दारू नळीत ओतायची, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासणी, शेवटी कानाशी रंजक. कधी दारू चिमूटभर अधिक पडे, कधी ती सर्दावलेली असे. त्यामुळे दर बाराला गोळीचा वेग वेगळा आणि वेग वेगळा म्हणून नेमही वेगळा.

हे अंकांत पाहणे उद्बोधक आहे. गोळी नळीतून सुटताच खाली येऊ लागते. हवेचा विरोध सोडून दिला, तर सेकंदाला ४०० मीटर वेगाची गोळी १०० मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे ३१ सेंटिमीटर खाली येते. वेग ३८० असेल तर ३४. फरक तीनच सेंटिमीटरचा. पण २०० मीटरवर तोच १३ सेंटिमीटरचा होतो. वेग थोडा कमी असला तरी नेमबाज सवयीने जुळवून घेतो; दर वेळी बदलणाऱ्या वेगापुढे सवयीचा इलाज चालत नाही.

हा वेग प्रथम नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलतो त्यावरून वेग काढायचा, ही त्याची रीत १७४२ च्या ग्रंथात आली. पुढे तो कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. पानिपताला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींच्या शिस्तीचे कौतुक आपले इतिहासकार करतात, ते योग्यच. पण एकत्र फैर झाडण्याची ती शिस्त एकेका गोळीच्या बेभरवशीपणावरचा तोडगाही होती, हे क्वचितच कोणी लिहितो. शौर्याची वर्णने करण्यात आपली लेखणी रमते, दारूच्या मापाशी ती थबकते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. कागदात मोजून बांधलेली दारू, हे त्याचे खरे मर्म. १८५७ च्या एनफिल्ड काडतुसाची चरबी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच काडतुसातली मोजलेली दारू आणि नळीतले पीळदार आटे यांनी दूरचा नेम शक्य केला, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि माप शिपायाच्या हातून यंत्राकडे गेले.

तरी ठासणीची बंदूक संपली नाही. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात नाव घेऊन केलेली आहे. १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणवणाऱ्या आमच्या यवतमाळात रानडुकरे आणि रोही आजही उभे पीक तुडवतात. अशा राखणीत नेम चुकला तरी बिघडत नाही. बार मोठ्याने वाजला की पुरे.