पादत्राण आणि काढता साज : नंदुरबार परिसराच्या संदर्भात काही विचार

वेशभूषेच्या इतिहासात पादत्राणाकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. पागोटे, अंगरखा, लुगडे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. वहाणेच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो आणि तोही बहुधा चामडे कमावण्याच्या धंद्याविषयी असतो. त्यातही वहाणेवर जो साज चढविला जातो आणि वहाण झिजल्यावर किंवा प्रसंग सरल्यावर जो उतरविता येतो, त्याचा स्वतंत्र विचार फारसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात या काढत्या साजाचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या अनुषंगाने करावयाचा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा हा पश्चिम खानदेशचा मुलूख. उत्तरेस नर्मदा आणि सातपुडा, मधून वाहणारी तापी, तापीकाठची काळी जमीन आणि डोंगरात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी समाजांची वस्ती, ही त्याची ठळक लक्षणे होत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत.

पादत्राणाच्या सजावटीचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, हे पाहावयाचे तर विनयपिटकातील महावग्ग उघडावा. त्यातील पाचवा खंधक चामड्यासंबंधी आहे. भिक्षूंनी कोणत्या वहाणा वापरू नयेत याची तेथे लांबलचक यादी दिलेली आहे. निळ्या, पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगांच्या वहाणा, मेंढ्याच्या किंवा बोकडाच्या शिंगासारखी टोके काढलेल्या, विंचवाच्या नांगीसारख्या आकाराच्या, मोरपिसे शिवलेल्या, या सर्व वर्ज्य ठरविल्या आहेत. निषेध ज्याचा होतो ती गोष्ट प्रचारात असते, हा इतिहासाचा साधा नियम येथे लावला म्हणजे त्या काळच्या गृहस्थांच्या पायांतील थाट डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो अट्ठकथेतील अभिप्राय. अशी वहाण मिळाली तर तिच्यावरील आक्षेपार्ह भाग काढून टाकून ती वापरण्यास हरकत नाही, असे टीकाकार सांगतो. याचा अर्थ असा की, वहाण ही एक वस्तू आणि तिच्यावरील साज ही दुसरी वस्तू, हा भेद त्याच्या मनात स्पष्ट होता.

याच खंधकात दक्षिणेकडील प्रदेशाचा एक उल्लेख आहे आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. अवंती-दक्षिणापथातून आलेला सोण कुटिकण्ण हा भिक्षू आपले गुरू महाकच्चान यांच्या वतीने बुद्धापुढे काही मागण्या ठेवतो. त्या प्रदेशातील जमीन काळी व खडबडीत असून गुरांच्या खुरांनी तुडविली गेल्यामुळे पायांना टोचते, म्हणून तेथे अनेक पदरी तळव्यांच्या वहाणा वापरण्याची मुभा असावी, ही त्यांतील एक मागणी. ती मान्य झाली. अवंतीच्या दक्षिण सीमेचा नेमका वाद येथे नको. परंतु उन्हाळ्यात भेगाळलेली, खुरांच्या ठशांनी वाळून टणक झालेली काळी जमीन ज्याने शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात अनवाणी तुडविली असेल, त्याला ही मागणी समजावून सांगावी लागणार नाही. वहाणेचा प्रश्न प्रथम भूमीचा आहे. शोभेचा प्रश्न त्यानंतरचा.

आता या भूमीवरचे लोक पाहू. तापीकाठच्या सपाटीवर, जेथे कुणबी-गुजरांची शेती आणि बाजारपेठा होत्या, तेथे चामड्याचा जोडा रुळला. डोंगरातील चित्र निराळे होते. जोडा घेणे म्हणजे रोख पैसा किंवा धान्य मोजणे आले, तो घडविणारा कारागीर सपाटीवरच्या गावात राहणारा, आणि पावसाळ्यात चिखलाने जड होणारे चामडे चढणीच्या वाटेवर निरुपयोगीच. त्यामुळे डोंगरातील बहुसंख्य माणसे पिढ्यानुपिढ्या अनवाणी चालली. यावरून तेथे पायाचा शृंगार नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तो होता, आणि विपुल होता. फक्त वहाणेच्या ऐवजी तो प्रत्यक्ष पायावर होता. भिल्ल स्त्रियांच्या पायांतील पितळी वाळ्यांविषयी एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत वारंवार लिहिलेले आढळते. काही ठिकाणी ही वाळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एकावर एक चढविलेली असत. जेथे जोडा नाही तेथे साजाने थेट पायाचा आश्रय घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

या साजाचे काढतेपण केवळ सोयीचे नाही. चांदीचे वाळे किंवा तोरडी ही डोंगरातील घराची शिल्लक असते. सुगी साधली की ती पायात येते, अडचण आली की सावकाराच्या पेटीत जाते. वहाणेला हा मान कधीच मिळाला नाही, कारण वापरलेली वहाण कोणी गहाण ठेवून घेत नाही. चामडे झिजते व कुजते, धातू टिकतो. साज वेगळा काढता येण्यामागे पुष्कळदा हेच साधे अर्थकारण असते. आमच्या संग्रहालयांत पायांतील दागिन्यांची दालने भरलेली दिसतात आणि साध्या माणसाच्या जोड्याला कोपराही मिळत नाही, याचेही कारण अंशतः हेच आहे.

होळीच्या दिवसांत हा भेद अधिक उठून दिसतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वीच्या मेहवासी संस्थानांपैकी एक. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध असून स्थानिक परंपरा तिचा आरंभ १२४६ या वर्षापर्यंत नेते. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांत घुंगरू, दागिने आणि साजाचे इतर सामान यांची खरेदी होते. ज्यांनी नवस बोललेला असतो ते बावा व बुध्या होतात. अंगावर राखेचे वा पांढऱ्या रंगाचे ठिपके व पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला मोठाल्या घुंगरांचा किंवा सुकविलेल्या भोपळ्यांचा पट्टा आणि पायांत घुंगरू असा त्यांचा वेष असतो. या काळात त्यांना 'पालनी' पाळावी लागते. खाटेवर निजावयाचे नाही, आणि पायांत वहाण घालावयाची नाही, हे तिच्या नियमांपैकी होत. म्हणजे ज्या दिवसांत पायाचा साज पराकोटीला पोहोचतो, नेमक्या त्याच दिवसांत पादत्राण वर्ज्य असते. मोरपिसांची वहाण भिक्षूला वर्ज्य होती. येथे मोरपिसे मस्तकावर चढली आणि वहाणच वर्ज्य झाली! या दोहोंत ऐतिहासिक संबंध आहे असे आम्हांस सुचवावयाचे नाही. परंतु वहाण ही धुळीची व विटाळाची वस्तू, आणि घुंगरू ही देवकार्याची वस्तू, हा विवेक येथे मुळाशी दिसतो. व्रत संपले की घुंगरू उतरवून ठेवले जातात.

जिल्ह्यातील दुसरे स्थळ म्हणजे शहादा तालुक्यातील तापीकाठचे सारंगखेडा. एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या बाजारात पायाच्या साजाचा तिसरा प्रकार पाहावयास मिळतो. घोड्याच्या खुराला नाल ठोकलेली असते. ती त्याची वहाणच म्हणावयाची, आणि ती काढती नसते. तिच्या वर, पायाला बांधलेले घुंगरू मात्र नाचाच्या वेळी चढतात आणि नाच संपला की उतरतात. गिऱ्हाईक घोडा पाहताना हा साज उतरवून पाय पाहू लागते, हे व्यवहारदृष्ट्या योग्यच आहे.

प्रत्यक्ष वहाणेवर साज चढविण्याची कला महाराष्ट्रात फुलली ती दक्षिणेकडे, कोल्हापूरच्या बाजूस. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्यावाचून चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, पट्ट्यावरील वेणी आणि तिच्यावर लाल गोंडा, ही कोल्हापुरी चपलेची रचना सर्वपरिचित आहे. वेणी वळण्याचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. यांपैकी कान आणि अंगठा काढले तर चप्पल पायात राहणार नाही. गोंडा काढला तर चालीत काही फरक पडणार नाही. तरीही गिऱ्हाइकाची नजर प्रथम गोंड्यावर जाते. करकर आवाज यावा म्हणून तळव्याच्या थरांत जो तुकडा घालतात त्याला कारागीर 'विंचू' म्हणतात. महावग्गातील विंचवाच्या नांगीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु एका शब्दावरून अडीच हजार वर्षांचा पूल बांधणे बरे नव्हे. एक आकाराला उद्देशून आहे, दुसरा आवाजाला.

या चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या प्रदर्शनात याच धाटणीच्या चपला मूळचा उल्लेख न करता मांडल्या, आणि महाराष्ट्रातून आक्षेप आल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. चप्पल ज्यांनी घडविली त्या चर्मकार समाजाचे नाव त्या प्रदर्शनातून सहज गळून पडले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

येथे एका कटू विषयाला स्पर्श करणे प्राप्त आहे. पायाचा साज कोणी ल्यावा हा आपल्याकडे केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता. अनेक गावांत अस्पृश्य गणलेल्या माणसाला वरच्या आळीतून जाताना जोडे काढून हातात घ्यावे लागत. ज्याच्या हाताने जोडा शिवला गेला त्यालाच तो घालून चालता येऊ नये, असा हा न्याय. इंदूर भागातील बलाई समाजावर १९२८ मध्ये सवर्णांनी लादलेल्या अटी डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या 'जातिभेदाचे निर्मूलन' या सुप्रसिद्ध भाषणात नमूद केल्या आहेत. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, पुरुषांनी रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, अशा त्या अटी होत्या. काढता येणारा साज दुसऱ्याला काढावयास लावताही येतो, हे त्याच्या काढतेपणाचे दुसरे अंग होय. पादत्राणाच्या इतिहासकाराने ते झाकून ठेवू नये.

बाहेरच्या जगाकडे क्षणभर पाहता तेथेही हाच प्रकार निराळ्या रूपात दिसतो. इंग्लंडात सॅम्युएल पेपिस याने २२ जानेवारी १६६० च्या दैनंदिनीत आपण त्या दिवसापासून जोड्यांना बकले लावू लागल्याचे लिहिले आहे. पुढील शतकात ही बकले चांदीची व खड्यांची होऊ लागली. जोडा झिजला की बकल काढून नव्या जोड्यावर चढवीत. फ्रान्समध्ये १७८९ साली राष्ट्रसभेला देणगी म्हणून चांदीची बकले अर्पण करण्यात आली. डोंगरातल्या वाळ्याप्रमाणेच तीही संकटकाळी पायातून उतरणारी शिल्लकच होती. पुढे नाडीची चाल पडली, बकलांचा धंदा बसला आणि बर्मिंगहॅमकडील बकल कारागिरांनी १७९१ मध्ये युवराजाकडे दाद मागितली. युवराजाने बकले वापरण्याचे मान्य केले. तथापि चाल मागे फिरली नाही.

सध्याच्या मुलांच्या पायांतील फेसाच्या हलक्या पादत्राणांवर जी रंगीत चित्रे खोचलेली दिसतात, त्यांचाही उगम असाच घरगुती आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २००२ मध्ये क्रॉक्स ही कंपनी निघाली. तिच्या जोड्यांना हवा खेळण्यासाठी भोके होती. २००५ साली त्याच राज्यातील बोल्डर गावी एका गृहिणीने आपल्या मुलांच्या जोड्यांच्या भोकांत शोभेच्या वस्तू खोचल्या, त्यांतून धंदा उभा राहिला आणि २००६ मध्ये मूळ कंपनीने तो विकत घेतला. येथे साजाला चांदीचे मोल नाही. तो गहाण पडत नाही, वारसाने मिळत नाही, आणि जोड्याआधीच हरवतो.

नंदुरबारच्या संग्रहात काय जमवावे असा प्रश्न कोणी आम्हांस विचारल्यास आम्ही केवळ वाळी व घुंगरू मांडून थांबणार नाही. काठीच्या बुध्याचे घुंगरू, सारंगखेड्याच्या घोड्याचे घुंगरू आणि तापीकाठच्या शेतकऱ्याचा झिजलेला जोडा ही तिन्ही एका कपाटात ठेवावीत. जोड्याच्या चिठ्ठीवर तो कोणी शिवला त्याचे नाव, आणि वाळ्याच्या चिठ्ठीवर ते किती वेळा गहाण पडले त्याची नोंद, जुन्या माणसांना विचारून आताच करून घ्यावी.